उतार देवाचा

हेडाऊ सर कुठल्याही गाडीत बसले की आधी इंजिनाची विचारपूस करत. ड्रायव्हर ओळखीचा असो की नसो. "दमलं बिचारं." "आज याले भूक जास्त लागली दिसते." "खाली टाक गा गियर, चौथ्यात कण्हून राहिलं ते." ऑटोवाले मागे वळून बघायचे. एकाने तर विचारलं होतं, "काका, अजून कोणी बसलं का गाडीत?" सर म्हणाले, "बसलं ना. माझ्या सीटखाली. सकाळपासून तुले ओढून राहिलं, एक शब्द तरी बोलला का तू त्याच्याशी?"

नागपूरच्या ज्या तंत्रनिकेतनात सर ऑटोमोबाईल शिकवायचे, तिथलं स्टोअर मी सांभाळते. पाना असो की पिस्टन, माझ्याकडे प्रत्येक वस्तूला जागा आहे आणि प्रत्येक जागेला चिठ्ठी आहे. सरांनी या चिठ्ठ्यांना कधी जुमानलं नाही. वर्गात दाखवायला म्हणून स्पार्क प्लग खिशात घालून जायचे आणि तो प्लग खिशातच घरी जायचा. वहिनी कपडे धुण्याआधी खिसे रिकामे करायच्या आणि निघेल ते एका बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या. डबा भरला की सर तो माझ्या टेबलावर ठेवत. "घ्या ताई, तुमचं स्टोअर आमच्या घरी पाहुणचाराले आलं होतं." मी वाल्व्ह वाल्व्हच्या जागी आणि वॉशर वॉशरच्या जागी ठेवायची. रागवावं असं फार वेळा वाटलं. जमलं नाही.

माणसांची इंजिनांशी तुलना करायची त्यांना खोड होती. आमचे प्राचार्य म्हणजे जुनं डिझेल. "थंडीत उशिरा सुरू होते, धूर सोडते, पण एकदा लागलं की मागं किती बी ओझं लावा." पुण्याहून नव्याने आलेले एक फार बोलणारे प्राध्यापक म्हणजे टर्बो. "इंजिन लहान, हवा जास्त." मला त्यांनी तीन सिलिंडरमध्ये बसवलं होतं. "चौघांचं काम तिघांत करता. वजन कमी, घर्षण कमी, खर्च कमी. पण चहाले उशीर झाला की सारं टेबल थरथरते तुमचं."

"आणि तुम्ही, सर?" मी विचारलं.

"मी कार्बोरेटर. अंदाजानं चालतो."

सरांचे वडील विणकर होते. गोळीबार चौकाजवळच्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार होता. धागा तुटला की गाठ मारून पुढे जायचं, वीतभर सूतही केरात जाऊ द्यायचं नाही, असा घराचा कायदा. सरांनी माग सोडला, शिकले, नोकरीला लागले, पण हा कायदा त्यांच्या अंगातून गेला नाही. सुताच्या जागी पेट्रोल आलं, एवढंच. लाल दिव्याला कोणी इंजिन सुरू ठेवून उभा असला की ते अस्वस्थ होत. पुढे गाड्यांमध्ये सिग्नलला आपोआप बंद होणारी आणि क्लच दाबला की पुन्हा सुरू होणारी इंजिनं आली, तेव्हा त्यांनी विभागात सगळ्यांना पेढे वाटले. "माझं काम गाडी स्वतःच करून राहिली," म्हणाले.

वर्गात ते फळा फार कमी वापरत. वर्कशॉपच्या मधोमध एक अर्धं कापलेलं इंजिन ठेवलं होतं. हँडल फिरवलं की आतला पिस्टन वरखाली होताना दिसायचा. त्याच्याभोवती मुलं गोळा करून सर सांगायचे, "इंजिनाले पेट्रोल वाढणारं जुनं कार्बोरेटर म्हणजे जावयाले वाढणारी सासू. त्याचं पोट भरलं का ते पाहत नाही, वाढत राहते. नव्या गाडीतलं इंजेक्शन म्हणजे आई. हवा किती आली, काम किती आहे, भूक किती आहे, सारं पाहून घासाघासानं वाढते." मुलं हसायची आणि परीक्षेत नेमकं हेच लिहून यायची. तपासताना सर त्याला पूर्ण गुण द्यायचे.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य मात्र वेगळं होतं, आणि ते इंजेक्शनच्या गाड्या सगळीकडे दिसू लागण्याच्या आधीचं होतं.

नागपूर सपाट आहे. इथे वाढलेल्या माणसासाठी उतार म्हणजे उड्डाणपुलाचा उतार. एका दुपारी सर मुलांना पेट्रोल कसं वाचवायचं ते सांगत होते. "पुलावर चढताना पेट्रोल आपण जाळलं. ठीक आहे, चढायचं होतं. उतरताना काहून जाळता? गाडी न्यूट्रल करा. ती आपली आपण उतरते." आणि मग त्यांना ते सुचलं. "उतार देवाचा, पेट्रोल आपलं."

वर्ग खूश झाला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य वसतिगृहाच्या दारावर खडूने लिहिलं गेलं होतं. पुढच्या वर्षीच्या मुलांना ते सरांच्या आधी मागच्या वर्षीच्या मुलांनी शिकवलं. आमच्याकडून शिकलेली बरीच मुलं पुढे गॅरेजमध्ये गेली, काही स्वतःच्या गाड्या घेऊन भाड्याने चालवू लागली. एकदा सर आणि मी कॉलेजच्या कामासाठी सामान आणायला निघालो होतो. सिग्नलला पुढे एक आठ सीटची गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'उतार देवाचा'. सरांनी माझ्या दंडाला हात लावला. असं ते कधी करत नसत.

"वाचलं का ताई?"

"वाचलं."

"आपलंच असन ते पोरगं."

दिवा हिरवा झाला, गाडी गेली, तरी ते त्या दिशेने बघत राहिले.

कार्बोरेटरच्या काळात ते वाक्य पुलापुरतं खरंही होतं. नंतर इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि हिशेब उलटा झाला. सरांनी ते स्वतः वाचून, तपासून, गाडीवर मोजून पाहिलं आणि मग वर्गात सांगितलं. मीही तिथेच उभी होते, कापलेल्या इंजिनाचं हँडल सैल झालं होतं म्हणून. "नवं इंजिन हुशार आहे. गाडी गियरमध्ये असली, पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, की चाकंच आपल्याले फिरवून राहिले हे त्याले समजते. मग ते पेट्रोलचं तोंड बंद करते. एक थेंब घेत नाही. न्यूट्रल केलं तं चाकं सुटली. मग बिचाऱ्याले आपल्या दमावर सुरू राहा लागते. मग ते पेते. म्हणून उताराले गियरमध्येच राहायचं. मी आतापर्यंत जे सांगत होतो ते विसरून जा."

त्या वर्गाने वहीत लिहून घेतलं. आधीचे वर्ग तिथे नव्हते.

प्रवीण त्या आधीच्या वर्गांतला. मौद्याकडच्या एका गावचा, शेती करणाऱ्या घरातला. सरांचा लाडका म्हणावा असा. गाडीखाली शिरला की जेवणाची सुट्टी विसरणारा. त्याने पुढे स्वतःची मोठी गाडी घेतली आणि भाविकांना रामटेकला ने-आण करू लागला. गडावरून खाली येताना एका वळणावर त्याचे ब्रेक लागले नाहीत. गाडीतल्या लोकांना दुखापती झाल्या, पण ते वाचले. प्रवीण गेला. पेपरात दोन ओळी आल्या, त्यात ब्रेक निकामी झाल्याचं लिहिलं होतं.

तेरवीच्या आधी सर आणि मी भेटायला गेलो. प्रवीणचे बाबा ओट्यावरून उठून सामोरे आले. आत पाहून म्हणाले, "पाणी आण वं, पोराचे सर आले." मग सरांना खुर्चीवर बसवून स्वतः खाली सतरंजीवर बसले. सरांनी खाली बसायचा प्रयत्न केला, तर त्यांनी बसू दिलं नाही.

"घरात रोज तुमचं नाव निघे, सर," ते म्हणाले. "तुमच्या सांगण्यातलं एक अक्षर सोडलं नाही त्यानं. मी बाजूले बसून गेलो ना गडावर. वरून निघालो का न्यूट्रल. मी म्हणो, बापू, लय जोरानं चालली गाडी. तं मले म्हणे, बाबा, उतार देवाचा. सरांचं आहे ते. तुमाले नाही समजत." त्यांनी डोळे पुसले. "गाडीवर बी तेच लिहून घेतलं होतं त्यानं. ब्रेकनं दगा देल्ला त्याले कोण काय करन. तुमच्या शिकवण्यात काही कमी नव्हतं, सर."

आणि त्यांनी सरांचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

सरांच्या मांडीवर पाण्याचा पेला होता. तो तिरका झाला होता. पाणी त्यांच्या पँटवर सांडत होतं आणि कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. सरांनी बोलायला तोंड उघडलं. समोरचा माणूस त्यांच्या हातांवर डोकं टेकून बसला होता. सरांनी तोंड मिटलं.

परत येताना सर ड्रायव्हरशेजारी बसले होते. माणसांनी भरलेली एक बैलगाडी आडवी आली, ड्रायव्हरने चुकीच्या गियरमध्ये गाडी रेटली, ती धडधडली. सर समोर बघत राहिले. त्या दिवशी इंजिनाची विचारपूस झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्टोअरमध्ये आले आणि उभ्यानेच बोलू लागले.

"ताई, ब्रेक काहून गेले ठाऊक आहे? गियरमध्ये असती तं इंजिननं गाडी धरून ठेवली असती. न्यूट्रल म्हटल्यावर सारं ओझं ब्रेकवर. एवढा मोठा गड, एवढी माणसं. ब्रेक तापले. तापले का धरत नाहीत ते."

"सर, तुम्ही पुलाबद्दल बोलला होता. घाटाबद्दल नाही."

"मी पुलाचं बोललो होतो. पण त्या वाक्यात पूल कुठं आहे ताई? वाक्यात पूल टाकाले पाहिजे होता."

मला अशा वेळी काम काढता येतं, रडता येत नाही. मी म्हणाले, "जुन्या मुलांना कळवू या." ऑफिसमधून बॅचवार फोन नंबर काढले आणि सर रोज मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी बसून फोन करू लागले. बरेच नंबर आता दुसऱ्या कोणाचे झाले होते. जे लागत, त्यांचं बोलणं मला समोर ऐकू यायचं.

"मी हेडाऊ सर बोलून राहिलो. गाडी चालवतो का आता?"

"सर. बाप रे. सर, तुम्ही फोन केला. चालवतो ना सर. आणि उताराले अजून न्यूट्रलच. उतार देवाचा."

"ते नको करू. तेच सांगासाठी फोन केला. गियरमध्येच ठेवत जा."

"बरं बरं सर. तब्येत कशी आहे? तुमचा आवाज ऐकून लय बरं वाटलं."

"मी काय म्हटलं ते समजलं का?"

"समजलं ना सर. घरी या एकदा जेवाले."

फोन ठेवून सर माझ्याकडे बघत. "यानं ऐकलं असन का?" मी म्हणायची, ऐकलं असेल. दोघांनाही खात्री नव्हती. एकाने तर सर गंमत करताहेत असं समजून फोनवरच ते वाक्य आपल्या मुलाकडून पाठ म्हणवून घेतलं.

मग सरांच्या मनात आलं की वाक्यावर वाक्यच पाहिजे. चहाच्या वेळी ते नवं वाक्य घेऊन येत. "'उतारावर गियर, पाय वर.' कसं आहे?"

"पाय वर म्हणजे?"

"अॅक्सिलरेटरवरून उचलायचा."

"सर, हे ऐकून कोणी मांडी घालून बसेल."

ते थोडं हसले. पुढच्या आठवड्यात, "'गियरमध्ये उतरा, घरी पोचा.'"

"हे एसटीतल्या पाटीसारखं वाटतं."

"हो ना," ते म्हणाले. "पाटी कोण वाचते." शिपायाला ऐकवून पाहिलं, वहिनींना ऐकवून पाहिलं. बॅटरीवरही चालणारी एक गाडी आमच्याकडे दाखवायला आली होती. उतार लागला की तिची बॅटरी आपोआप भरते, पण न्यूट्रल केलं तर भरत नाही. ते पाहून सर दोन दिवस त्यावर वाक्य जुळवत होते. चुकीचं वाक्य त्यांना एका दुपारी सुचलं होतं. बरोबर वाक्य शेवटपर्यंत सुचलं नाही.

निवृत्तीच्या समारंभाला जुनी मुलं लांबलांबून आली. हॉलमध्ये शिरताच मला ते दिसलं. स्टेजच्या मागे, सरांच्या मोठ्या फोटोखाली, आडवा कापडी फलक: 'उतार देवाचा, पेट्रोल आपलं'. सर दारातच थांबले. मुलांना वाटलं, भारावले. त्यांना धरून स्टेजवर नेलं.

सर बोलायला उभे राहिले आणि सरळ मुद्द्यावर आले. "मागं जे लिहिलं आहे ते चूक आहे. मी चुकीचं शिकवलं."

टाळ्या पडल्या. एवढा मोठा माणूस, पण किती नम्र, असं माझ्या शेजारचे कोणीतरी म्हणाले. सरांनी हात वर केला. "टाळ्या नका वाजवू. ऐका. आपला प्रवीण रामटेकले गेला, तो..." प्रवीणचं नाव ऐकताच पुढच्या रांगेतला एक जण उठून उभा राहिला, मग सगळेच उठले, आणि प्रवीणसाठी दोन मिनिटं शांतता पाळली गेली. ती संपली तेव्हा सूत्रसंचालकाने पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं होतं. सर माइकपाशी तसेच उभे होते. कोणीतरी त्यांना हळूच खुर्चीपर्यंत आणलं. शेवटी फलक उतरवून, नीट घडी करून, शाल-श्रीफळासोबत त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर सर अधूनमधून स्टोअरमध्ये येऊन बसायचे. फार बोलत नसत. मी काम करायची, ते खोक्यातला एखादा वॉशर बोटांत फिरवत राहायचे आणि जाताना आठवणीने परत ठेवायचे. खिशात घालून नेणं त्यांनी बंद केलं होतं. मला ते आवडलं नाही.

मग पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यानंतर ते फार काळ राहिले नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी. वहिनी पलंगाची सोय करायला आधी घरी गेल्या होत्या. औषधं आणि कागद माझ्याकडे होते. न्यायला अमोल आला होता, खाप्याचा, सरांचाच विद्यार्थी. त्याच्या आता चार गाड्या भाड्याने चालतात, पण सरांना आणायला तो दुसऱ्या कोणाला पाठवणार नव्हता. त्याने सरांना उचलून आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं, मागे उशी लावली, पट्टा बांधला. मी मागे बसले.

दुपारची वेळ होती, उड्डाणपुलावर गर्दी नव्हती. चढ संपला तसं अमोलने सरांकडे पाहिलं. त्याला त्यांना खूश करायचं होतं. सकाळपासून त्याची तीच धडपड चालली होती.

"सर, पाहा हं. विसरलो नाही मी." त्याने गियर न्यूट्रलवर आणला. "उतार देवाचा."

गाडी सुटली. इंजिनाचा आवाज खाली गेला.

सरांच्या तोंडातून आवाज निघाला. त्यात शब्द नव्हता. अमोल हसला, "आहे ना ध्यानात?" सरांचा उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. त्यांनी डावा हात उचलला, स्वतःच्या पोटावरून आडवा आणला, पट्ट्यात अडकला तो सोडवला आणि गियरच्या दांड्यावर ठेवला. ते तो ढकलू पाहत होते. दांडा हलत नव्हता.

अमोलने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. "काय माया आहे पाहा मॅडम," तो मला म्हणाला.

"अमोल, गियर टाक," मी म्हणाले. "सर तेच सांगताहेत."

"काहून मॅडम? सरांचंच तं आहे हे."

"टाक."

त्याने सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग क्लच दाबला आणि त्यांचा हात आपल्या हाताखाली तसाच ठेवून दांडा पुढे सारला. इंजिनाने गाडी धरली. वेग कमी झाला.

पूल उतरेपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं. पेट्रोलचं तोंड, चाकं, ब्रेक, प्रवीण. जमेल तेवढं क्रमाने सांगितलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मी तं माझ्या साऱ्या ड्रायव्हरले हेच शिकवून ठेवलं, सर."

सर समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

घर आलं. वहिनी दारात उभ्या होत्या. अमोलने इंजिन बंद केलं, गाडी गियरमध्येच ठेवली आणि म्हणाला, "चला सर, आलं घर." सरांनी हात काढला नाही. तो पुन्हा म्हणाला. मग वाकला आणि दांड्यावरून त्यांचं एकेक बोट सोडवू लागला.